अर्थिंगला पाजलेली बिअर

खोडदमध्ये लग्न लागलं, बारसं झालं, जयंतीची मिरवणूक निघाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी लोक चहाच्या टपरीवर जमून एकच गोष्ट विचारत, "भागुजीभाऊ, किती आणे?"

भागुजीची प्रबुद्ध साउंड सर्व्हिस होती. दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि सुरू करायला तीन माणसं लागणारा एक जनरेटर. चाळीस वर्षं तो प्रत्येक मांडवाच्या कोपऱ्यात मशिनीशेजारी स्टुलावर बसलेला, आणि त्या स्टुलावरून मांडव जसा दिसतो तसा व्याह्यांच्या गादीवरून कधी दिसत नाही. वरण कितव्या पंगतीला पातळ झालं, पुढाऱ्याच्या भाषणात किती चपला हळूच चालत्या झाल्या, सगळी नोंद त्याच्या डोक्यात. एक झोप काढून तो निकाल द्यायचा, सोळा आण्यांपैकी. त्यातले चार आणे नुसत्या आवाजाचे. सोळा आजवर कुणालाच मिळाले नव्हते. चौदा मिळाले होते ते एका तेराव्याला, कारण तिथं मुख्य माणसाला रुसून बसायची सोय नव्हती.

यातून त्याचं स्वतःचं लग्नही सुटलं नव्हतं. जिलेबी कमी पडली, तीन आणे गेले. ऐन लग्न लावायच्या गाथेच्या वेळी कर्णा मुका झाला, चार आणे गेले. राहिले नऊ. हा निकाल त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नव्या नवरीला, म्हणजे फुलाबाईला, सांगितला होता. ती तेव्हा काही बोलली नाही. बायका असं काही बोलत नाहीत तेव्हा ते कुठंतरी ठेवून देतात, एवढं भागुजीला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

पुढे नव्वदच्या सुमारास गावाशेजारी दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या राहिल्या. त्या आभाळातल्या ताऱ्यांचं ऐकतात. भागुजीनं जनरेटर लावला की तबकड्यांना तारे खोकताना ऐकू यायचे, असं भागुजी स्वतःच छाती काढून सांगे. शेवटी तिथला एक साहेब मोटरसायकलवर आला, चहा प्याला आणि नीट अर्थिंग कसं करायचं ते शिकवून गेला. खड्डा खणायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, आणि वरून पाणी मुरवत राहायचं. अर्थिंग कोरडं पडलं की कर्णा घुमतो, नाहीतर मरतो. तेव्हापासून भागुजी कुठल्याही मांडवात गेला की आधी अर्थिंगला पाणी पाजायचा, मग स्वतः प्यायचा.

आता दोन हजार नऊ सालच्या डिसेंबरात त्याच्या थोरल्या मुलानं, राजरत्ननं, चाकणच्या कंपनीतली पक्की नोकरी सोडली आणि पुण्यात कार्यक्रम भरवायचा धंदा काढला. पहिलाच कार्यक्रम, बिअरचा महोत्सव. कारखान्यातली बाटलीबंद नाही, पाच जणांनी पाच तऱ्हांनी हातानं गाळलेली. भागुजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला आणि म्हणाला, येतो बघायला. बारा आणे पडले तर तुझा धंदा खरा. बारा आण्याच्या खाली गेला तर नव्या वर्षाच्या आत पुन्हा कंपनीत जायचं, तुझी जागा त्यांनी अजून भरलेली नाही. राजरत्ननं फोनवरच कबूल केलं. बापाचा निकाल खोटा नसतो, हे तो पाळण्यापासून ऐकत आला होता.

अडचण नंतर ध्यानात आली. भागुजी रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं पंचशील म्हणायचा, आणि म्हणायचा तसं वागायचाही. पाचवं शील दारू पिऊ देत नाही. चौथं खोटं बोलू देत नाही. पाचव्यामुळं चव घेता येईना, आणि चव न घेता निकाल द्यावा तर चौथं आडवं येई.

"दहा आण्याच्या खाली येऊ नका, बाकी माझं काय म्हणनं न्हाई," फुलाबाईनं बजावलं.

"दहाचा काय उपेग? पास बाराला हाय."

"मग बारा द्या."

"देतो म्हनून देता येतात व्हय? बघावं लागतं."

तोडगा म्हणून त्यानं जुन्नरच्या जवरीलाल शेठना बरोबर घेतलं. बाजारपेठेत त्यांचं धान्याचं दुकान, भागुजीशी तीस वर्षांची मैत्री. दाणा दाताखाली धरून कुठल्या शेतातला ते सांगतील अशी त्यांची ख्याती. भागुजीचा हिशेब असा की बिअर धान्याची, शेठ धान्याचे, म्हणजे शेठ चव सांगतील. नारायणगावला यष्टीत बसल्यावर शेठनी सांगितलं की ते जैन आहेत आणि दारू त्यांनाही चालत नाही. हे भागुजीला तीस वर्षं माहीत होतं. फक्त त्या आठवड्यात तो विसरला होता. शेठनी डब्यात खाकरे घेतले होते आणि सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं म्हणून घड्याळ हातात धरलं होतं. असे दोघं निर्व्यसनी बिअरचं परीक्षण करायला पुण्यात उतरले.

महोत्सव मुंढव्याकडच्या एका लॉनवर, दुपारी. दारात राजरत्ननं दोघांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले आणि प्रत्येकी पाच कुपनं हातात ठेवली. एका कुपनाला एक ग्लास. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो पळाला. पोरगं वाळलं होतं, हे भागुजीनं टिपून ठेवलं, पण त्याला आणे नसतात.

दोघं फिरले. मांडव ताणलेला, कुठं झोळ नाही. झाडलोट चोख. म्हाताऱ्या माणसानं टेकावं अशी जागा मात्र नाही, सगळी उंच टेबलं आणि त्यांना टेकून उभी असलेली तरणी माणसं. एक आणा गेला. एका ठेल्यावर दाखवायला म्हणून सातूचं पोतं उघडून ठेवलेलं. शेठनी दाणा उचलला, चावला, डोळे मिटले.

"वाळवण झकास झालंय. दाणा बारा आण्याचा," ते म्हणाले. "पुढं त्याचं जे काय केलं, त्याला मी साक्षीदार नाही."

एवढ्यात स्टेजवरून गाणं सुरू झालं आणि गाण्याच्या मागून एक घुमणं सुरू झालं. आधी भुंग्यासारखं. मग पीठगिरणीसारखं. मग असं की टेबलावरच्या ग्लासांतल्या बिअरवर वर्तुळं उमटू लागली आणि लोकांनी कानांत बोटं घातली. बोटं कानांत गेल्यावर ग्लास धरायला हात उरेना, म्हणून लोक ग्लास ठेवून दाराकडे निघाले. गळ्यात हेडफोन घातलेला, केसांची शेंडी बांधलेला डीजे लॅपटॉप पुन:पुन्हा बंद-चालू करत होता. राजरत्न स्टेजवर पांढराफटक उभा. दारातून चपला चालत्या होताना भागुजीला दिसल्या, आणि चपला त्यानं चाळीस वर्षं मोजल्या होत्या. अशा चालीनं अर्ध्या तासात निकाल चार आण्यांवर आला असता.

भागुजी स्टेजमागं गेला. कोरड्या मुरमात एक लोखंडी सळई ठोकलेली, तिला हिरवी वायर, आणि आजूबाजूला ओलाव्याचा थेंब नाही.

"अर्थिंग तहानलंय," तो म्हणाला. "शेठ, पाणी आना."

शेठ आले ते रिकाम्या हातानं. पाणी संपलं होतं, टँकर कुठल्याशा चौकात अडकला होता. भागुजीनं मनातल्या मनात आणखी एक आणा कापला. सबंध लॉनवर पातळ म्हणावं असं एकच काही होतं. त्यानं खिशातली कुपनं काढली. मग बराच वेळ ती बघत उभा राहिला.

"शीलात पिऊ नये असं हाय," शेवटी तो म्हणाला. "ओतू नये असं कुटं हाय?"

शेठनी विचार करून त्यांच्याकडेही ओतण्याला बंदी नसल्याचं सांगितलं, आणि मीठ आणायला शेंगदाण्यांच्या ठेल्याकडे गेले.

पहिला ग्लास गव्हाच्या बिअरचा. भागुजीनं सळईच्या बुडाशी हळूहळू धार धरली, शेठनी वर चिमूटभर मीठ टाकलं. पीठगिरणीचा पुन्हा भुंगा झाला. दुसरा सफरचंदाच्या बिअरचा. भुंगा उलट चवताळला. तिसरा आल्याच्या बिअरचा; स्पीकरला तीन स्वच्छ उचक्या लागल्या. चौथ्या कडू बिअरनं उचक्या थांबल्या पण गाणारी बाई नाकात गायला लागली. पाचवी काळी, काकवीसारखी दाट. ती मुरमात शिरली मात्र, सगळं एकदम गप्प झालं. अशी शांतता की शेठच्या डब्यातला खाकरा मोडल्याचं दारापर्यंत ऐकू गेलं. त्याच घटकेला तिकडे खोडदच्या तबकड्यांत एक तारा इतका साफ बोलला म्हणतात की ड्युटीवरच्या साहेबानं उठून दार लावून घेतलं.

आणि मग गाणं वाजलं. काचेसारखं.

ओल टिकावी म्हणून शेठच्या कुपनांवरची बिअर ओतणं चालूच राहिलं. दाराकडे गेलेल्या चपला परत फिरल्या. त्यांना दिसलं ते असं, की पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा ग्लासातून जमिनीवर धार सोडतोय, कान लावून ऐकतोय आणि मान हलवतोय. बाजूला दुसरा म्हातारा गंभीर चेहऱ्यानं मीठ टाकतोय. पुण्यातल्या लोकांना वाटलं, हेच परीक्षक. थोड्याच वेळात सळईपुढं रांग लागली. बिअर गाळणारे पाचही जण आपापले ग्लास घेऊन आले. भागुजीनं एकेकाला खरं तेच सांगितलं. गव्हाची नऊ आणे, माणूस सरळ पण ताकद कमी. सफरचंदाची तीन आणे, भांडखोर. काळी चौदा आणे, घरात घ्यावी अशी. एका पेपरवाल्यानं फोटो काढला. काळीवाल्यानं आनंदानं भागुजीच्या पायाला हात लावला आणि म्हणाला की आजवर चव सगळ्यांनी सांगितली, पण बिअरचा स्वभाव कुणी सांगितला नव्हता. संध्याकाळपर्यंत मांडव भरलेला राहिला. शेठ ऊन असतानाच जेवले.

निकाल मात्र रीतीप्रमाणं गावात, झोप झाल्यावर. राजरत्न मागोमाग खोडदला आला. सकाळी टपरीवर अर्धं गाव होतं, जुन्नरहून शेठ मुद्दाम आले होते, आणि कधी न येणारी फुलाबाईसुद्धा पदर खोचून कडेला उभी होती.

"आबा, किती आणे?" राजरत्ननं विचारलं.

भागुजीनं बसायच्या जागेचा एक कापला, पाण्याचा एक कापला. चौदा म्हटल्यावर टपरीत कुजबूज झाली, तेराव्याची बरोबरी झाली म्हणून. राजरत्न हसला. पण भागुजीनं हात वर केला.

"आवाजाचे चार ऱ्हायले की. आवाज चालला त्यो माज्यामुळं. पोरामुळं न्हवं. माजे मार्क मी त्याला कसे देऊ? खोटं हुईल." तो खाली बघत म्हणाला, "दहा."

राजरत्ननं चहाचा कप न पिताच खाली ठेवला आणि कंपनीला सोमवारी फोन करतो असं पुटपुटला.

तेव्हा फुलाबाई पुढे आली.

"एक सांगा. आपल्या लग्नात कर्णा बंद पडला. त्यो कुनाचा व्हता?"

गावातल्या तरण्यांना हे ठाऊकच नव्हतं. जुन्यांना आठवलं आणि ते मिशीत हसायला लागले. साउंड सर्व्हिसची सुरुवातच त्या लग्नात झाली होती. नवऱ्या मुलानं गळ्यात हार घालून स्वतः कर्णा बांधला होता.

"तुमचा कर्णा, तुमी बांदलेला. मेला तवा चार आणे कापले कुनाचे? माज्या बापाचे. का? तर म्हनं कार्य ज्याचं, आवाज त्याचा. साउंडवाला बोलवला त्यानं, तर बरंवाईट त्याच्याच पदरात. असं बोलला व्हता का न्हाई?"

"बोललो व्हतो," भागुजी म्हणाला. चौथं शील.

"मग कालचं कार्य कुनाचं व्हतं?"

भागुजीनं राजरत्नकडे बघितलं. मग शेठकडे. शेठ हातातल्या खाकऱ्याकडे बघत होते. आवाज साउंडवाल्याचा म्हणावा तर सासऱ्यांचे चार आणे चाळीस वर्षांनी परत करावे लागतात आणि पोरगं दहावर नापास होतं. यजमानाचा म्हणावा तर पोरगं पास. फुलाबाईनं त्याला दोन्हीकडून धरलं होतं, आणि कुठली बाजू धरायची ते ती स्वतःच सांगत होती.

"माजं नऊ ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोराचं बोला."

भागुजीनं टोपी काढली, परत घातली. "चौदा," तो म्हणाला, आणि टपरीवाल्यानं राजरत्नचा गार झालेला चहा ओतून नवा दिला.

धंदा चालू राहिला. पुढल्या महोत्सवात म्हाताऱ्यांसाठी बाकडी आली आणि टँकर आदल्या दिवशीच येऊन थांबला. अर्थिंगच्या सळईशेजारी मात्र काळ्या बिअरचा एक ग्लास राखून ठेवायची तिथं रीतच पडून गेली.

निकालाच्या त्या सकाळी टपरीवरून घरी परतल्यावर भागुजीनं चहा मागितला होता. फुलाबाईनं कप आणून पुढ्यात ठेवला. कप अर्ध्याच्या जरासा वर भरलेला होता.

"एवढाच?" त्यानं विचारलं.

"नऊ आणे हाय," ती म्हणाली.

तेव्हापासून भागुजीच्या घरी गेलात तर पाहुण्याला चहा काठोकाठ मिळतो. त्याच्या कपात मात्र अजूनही, सकाळ-संध्याकाळ, मोजून नऊ आणेच.