चौदाव्यांदा नापास

सकाळी आईने डबा भरला आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "नीट नापास हो गं बाई. बाबांच्या वळणावर जा."

त्या घरात हा आशीर्वाद नवा नव्हता. बाबा मोटारींच्या कारखान्यात ब्रेक बसवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण नवे इंजिनिअरही त्यांच्याच हाताखाली तयार होत. कागदोपत्री मात्र ते चौदा वर्षे शिकाऊच होते. कारखान्याचा नियम मोठा दयाळू होता. वार्षिक परीक्षेत नापास होणाऱ्याला निम्म्या पगारावर आणखी वर्षभर शिकायची संधी. पास होणारा कुशल. कुशलाला प्रमाणपत्र, गुलाबाचे फूल आणि फाटक. पूर्ण पगाराच्या जागा काढायची तिथे पद्धतच नव्हती. त्यामुळे अख्खा विभाग मान मोडून चुकीची उत्तरे पाठ करी.

लेकही आता तिथेच शिकाऊ होती आणि यंदा तिची पहिली परीक्षा. रस्त्यातच बाबांनी शिकवणी घेतली.

"सातवा प्रश्न ब्रेकच्या नळीचा. नट किती आवळायचा? 'हाताने, अंदाजे' असं ठोकून दे."

"बाबा, अशानं गाडी भिंतीत जाईल!"

"कागदावर गं! काम चोखच कर. लोकांचं पोट हातावर असतं, आपलं कागदावर आहे."

लेकीने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि ती भराभर चालू लागली. बाबांना वाटले, पटले.

परीक्षेत लेकीने एकही उत्तर चुकवले नाही. शेजारच्या बाकावरून बाबा खोकले. दुसऱ्यांदा खोकले तेव्हा पर्यवेक्षकाने पाणी आणून दिले.

निकाल लागला. लेकीला शंभरपैकी शंभर, बाबांना अकरा. देशाला कुशल हातांची किती गरज आहे, यावर साहेब अर्धा तास बोलले आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी ते दोन हात फाटकाबाहेर पोचवले.

"शाबास मास्तर!" त्यांनी बाबांची पाठ थोपटली. "सोमवारी तीस नवे येतायत. तयार करा."

घरी आई कडाडली, "शहाणी! आता खा ते प्रमाणपत्र!"

"हात धजेना गं आई. त्या गाडीत कुणाचं तरी सगळं घर बसलेलं असतं."

बाबा जेवले नाहीत.

सोमवारी तीस जण रांगेत उभे होते. साहेब म्हणाले, "हं मास्तर, करा सुरुवात."

"मी कसा शिकवणार, साहेब? मी चौदाव्यांदा नापास. अकरा मार्क तुम्हीच दिलेत."

"अहो, ते नावापुरतं!"

"मग शंभरवालीला बोलवा. पूर्ण पगारावर."

"तशी जागाच नाही. आणि हे बघा, तुमचीही जाईल."

"जाऊ द्या. तोवर शिकतो." बाबा शांतपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

नव्या तुकडीसमोरचा गाड्यांचा सरकता पट्टा सुरू झाला. पहिली गाडी ब्रेकशिवाय समोर येऊन थांबली. साहेबांनी पाना उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि तो कुठून धरायचा हे विचारण्यासाठी वर पाहिले.

एकतीस शिकाऊ त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघत होते.