न मागितलेलं भाडं

घरमालकाने भाड्यासाठी तगादा लावला की माणसाची झोप उडते. शिंपीणबाईची झोप उडाली ती मालक भाडं घेईनात म्हणून!

तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. शिडीवरून पडला, पाय मोडला आणि तीन महिने खाटेला खिळला. तेवढ्याच महिन्यांचं भाडंही थकलं. मग बाईने एका इस्पितळाच्या पडद्यांचं काम घेतलं, मान मोडेस्तोवर मशीनवर बसली, आणि सगळी रक्कम पिशवीत घालून तळमजल्यावर मालकांकडे गेली.

"राहू द्या हो वहिनी," मालक म्हणाले. "आधी आमच्या पेंटरचा पाय बरा होऊ दे."

आठ दिवसांनी पुन्हा गेली, पुन्हा तेच. आणि हा माणूस कोण, तर जिन्यातला बल्ब गेला तेव्हा सगळ्या भाडेकरूंकडून वर्गणी काढणारा!

"अहो, कुठेतरी पाणी मुरतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच. देवमाणूस आहे तो. रोज येऊन माझी विचारपूस करतो."

बुधवारी दोन माणसं टेप घेऊन आली. खिडक्यांची मापं घ्यायला मालकांनी पाठवलंय म्हणाली. मापली मात्र सगळी खोली, आणि स्वयंपाकघरही. "ही भिंत पाडायचीय ना?" एकाने विचारलं, तेव्हा दुसरा उगाचच खोकला. ही खोली गेली तर मोडक्या पायाचा नवरा आणि मशीन घेऊन जायचं कुठे?

माणसं गेल्यावर तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "मालक रोज येऊन तुमच्याशी बोलतात तरी काय?"

"काही नाही गं. हिशेबाला बरी म्हणून एक चिठ्ठी मागितली, दिली लिहून."

"काय लिहून दिलंत?"

"तीन महिन्यांचं भाडं दिलेलं नाही, तरी मालकांनी एका शब्दाने विचारलं नाही. खाली सही, तारीख." पेंटर खूश होता. "अक्षर असं काढलंय, बघत राहशील!"

बाईने कपाळावर हात मारून घेतला. काय म्हणावं या माणसाला!

दुसऱ्या दिवशी तिने कोर्टाबाहेरची टायपिस्ट गाठली. तिचे कपडे बाईच शिवायची. टायपिस्टने ऐकून घेतलं, पण बोटं काही थांबवली नाहीत.

"भाडं थकवलं म्हणून खोली खाली करून मागणार ते. हातात घेत नाहीत ना? सगळं भाडं मनीऑर्डरने पाठवा. घेतलं तर त्यांची सही मिळेल. नाही घेतलं तर पोस्टमन तसं लिहून परत आणेल. तो कागद मात्र जपा."

बाईने तस्संच केलं. पाच दिवस जिन्यात पाऊल वाजलं की तिची सुई थांबायची. सहाव्या दिवशी पोस्टमन वर आला, पैसे मोजून परत दिले आणि फॉर्म पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'घेण्यास नकार', आणि तारीख.

"परत आले?" पेंटरचा चेहरा पडला. बाईला मात्र नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी मालक स्वतःच वर आले. तोंडात साखर तशीच. "काय हे वहिनी, घरच्या माणसांत पोस्ट कशाला?"

"चुकलंच माझं," म्हणत तिने नोटा पुढे केल्या. "आत्ता हातात घ्या, आणि पावती द्या."

मालकांचे हात पाठीमागे गेले. "पावतीची काय एवढी घाई..."

खाटेवरून पेंटर ते हात बघत होता. बराच वेळ बघत होता.

"मालक," तो म्हणाला, "तुम्हाला भाडं नकोय, तर माझी चिठ्ठी परत द्या."

"कोणी शिकवलं रे तुम्हाला हे?" मालक कडाडले. वहिनी नाही, आमचा पेंटर नाही, सगळं एका क्षणात गळून पडलं. मग स्वतःच दचकले आणि भराभरा जिना उतरून गेले.

शिंपीणबाईने फॉर्म घडी करून मशीनच्या खणात ठेवला. मी सांगत नव्हते का, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याचं तोंड बघून तिने ते गिळलं.

"रोज वाट बघायचो गं मी त्याची," पेंटर म्हणाला. मग म्हणाला, "दार लाव. आतून कडी घाल."