कोरा कोनाडा

वाल्मिक मास्तरांचा हात काही स्वस्थ बसायचा नाही, ही पुतळाबाईची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. कुणी चहाचा पेला ठेवला की हे तो बोटभर सरकवणार. कुणी वाकडी रेघ ओढली की हे ती सरळ करणार. माणूस सज्जन, पण हाताला खाज, असं ती आपल्या गावात, कशेळ्यात, सगळ्यांना ऐकवत असे.

कर्जतला एका बंद पडलेल्या भातगिरणीत मास्तरांनी चित्रशाळा काढली होती. बुद्धीनं मागं राहिलेली मोठी माणसं तिथं दिवसभर चित्रं काढत. पुतळाबाईची लेक सुंदरा सव्वीस वर्षांची. आकडे येत नव्हते, स्वतःची वेणी घालता येत नव्हती, बोलणं चार शब्दांचं. पण दोन वर्षं ती रोज एस.टी.नं जाई आणि एकच चित्र काढी, आपलं घर. भिंत गेरूनं भरायची आणि मधोमध कोनाड्याची जागा कोरी सोडायची. कडेला ब्रश नको, करंगळी. एकेका कोनाड्याला आठ-आठ दिवस लागत.

त्या आठवड्यात मात्र सुंदरा गाडीत चढेना. दोन्ही हात काखेत दडवून ओट्यावर बसून राहिली. रागावून झालं, गोडीनं विचारून झालं. चौथ्या दिवशी पुतळाबाई एकटीच कर्जतला गेली.

सुंदराचं चित्र काचेत जडवून भिंतीला टेकवलेलं होतं. मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं ते. खाली तिचं नाव. आणि कोनाड्यात पिवळ्या रंगात गणपती बसलेला, पुढं समई.

मास्तर कौतुकानं सांगू लागले की जागा तेवढी राहिली होती, बघणाऱ्यांना वाटलं असतं पोरगी विसरली, म्हणून आपणच पुरं केलं. तेव्हापासून ती येत का नाही, हे मात्र त्यांना उमगत नव्हतं.

पुतळाबाई तिथंच जमिनीवर बसली आणि सांगू लागली. धर्म बदलला त्या साली कोनाड्यातले देव टोपलीत भरून घरच्यांनी नदीला नेले होते. टोपली आठ वर्षांच्या सुंदराच्या डोक्यावर होती. परत आल्यावर पुतळाबाईनं कोनाडा पुसून घेतला आणि घरादाराला बजावलं, इथं आता काही ठेवायचं नाही, काड्यापेटीसुद्धा नाही. पुढं शहाण्या लेकांनी तिथं कंगवा ठेवला, तंबाखूची डबी ठेवली, बोलणी खाल्ली. सुंदरानं कधीच काही ठेवलं नाही. तिला काय कळतंय, असं पुतळाबाई अठरा वर्षं चारचौघांत म्हणत आली होती.

सगळं ऐकून मास्तरांचा चेहरा उतरला. काच काढून वरून पांढरा रंग देऊन टाकतो, असं पुटपुटत त्यांनी ब्रशाकडे हात नेला. पुतळाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"ती जागा ऱ्हायली नव्हती, मास्तर. राखली व्हती. पांढरा रंग मारून ती कोरी व्हनार नाय. उद्या पोरीला मी घिऊन येते. तिला नवा कागद द्या, नि ती काढंल तवर दोनी हात मागं बांधून उभं ऱ्हा. आन् ह्याच्याखालचं तिचं नाव पुसा. ह्ये चित्र तुमचं हाय."