म्हाताऱ्या गाडीला टॉनिक

हिवाळा लागतो त्या दिवशी आमच्या डोंगरात सगळ्यांना ताकदीचं खाऊ घालतात. सासऱ्यांनी आलं आणि तांदळाच्या दारूत बदक शिजवलं. जेवणं झाल्यावर एक छोटी बाटली घेऊन ते अंगणात गेले.

"हिचंही वय झालंय," मोटरसायकलच्या टाकीवर थाप मारत ते म्हणाले. "आपण खायचं आणि हिनं नुसतं बघायचं?"

ऑइलमध्ये घालायचं औषध होतं ते. बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचली. फक्त चारचाकीसाठी. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो. ते फार निसरडं झालं तर क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरत नाहीत.

"बाबा, हे मोटारीचं आहे. क्लच घसरेल म्हणतात."

"मोटारीला चालतं ते हिला बाधतंय होय?" ते शेजारच्या आहाई काकांकडे वळले. "शिकलेली सून आहे बाबा. उद्या बदकाच्या पायाला लेबल शोधेल."

काका खो खो हसले. त्यांच्यासमोर मी पुन्हा बोलले असते, तर सासऱ्यांचा शब्द खाली पडला असता. मी वाट्या उचलल्या. बाटली इंजिनात रिकामी झाली.

आमच्या बागेपर्यंतच्या सपाट रस्त्यावर तीन दिवस काही जाणवलं नाही.

बुधवारी सकाळी माझ्या युनसीला चाळीस अंश सेल्सियसवर ताप. दहा महिन्यांचं पोर, ना रडत होतं, ना पीत होतं. खिंडीपलीकडच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर बुधवारीच येतात, बारापर्यंत. नवरा ताइचुंग शहरात कामावर. काकांचा टेम्पो कोबी घेऊन कधीच खाली गेलेला. सासऱ्यांनी मोटरसायकल काढली. पोरीला छातीशी बांधून मी मागे बसले.

खिंडीच्या चढाला इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी मात्र चालत्या माणसाच्याही मागे पडली. मग थांबलीच. खालून जळका वास येत होता.

"अंगी लागायला वेळ लागतो," सासरे पुढे बघतच म्हणाले.

थोडं थांबून पुन्हा चालू केली. पुन्हा तेच. साडेअकरा होत आले होते. रस्त्यावर दुसरं वाहन नाही.

"मी उतरते. एकट्याच्या वजनानं कदाचित चढेल."

त्यांनी पाय टेकवून गाडी धरली. मी झोळीचं कापड सोडून पोरीला त्यांच्या पाठीशी बांधलं. दोन गाठी मारल्या, मग तिसरी. तिची मान त्यांच्या कोटावर कलंडली.

"तू वाचलं होतंस ना?" ते हळूच म्हणाले.

"हो बाबा."

गाडी रडतखडत निघाली. मी पाठोपाठ चालत होते, मग अंतर पडलं, मग ती वळणाआड गेली. तिथून इंजिनचा आवाज चढत चढत गेला. आवाज असा चढतो तेव्हा चाक फिरत नसतं, हे एव्हाना मला कळलं होतं.

मी पळत सुटले.