दिवाळीनंतरचा पहिला बाजार

दिवाळी सरली, की देविदासच्या डोक्यात संशयाचा भुंगा फिरायला लागायचा. जवळा बाजारचा दिवाळीनंतरचा पहिला आठवडी बाजार आला, की त्याचे पासष्टीचे वडील अमरसिंग बापू पहाटेच सायकल काढायचे. कुठं निघालात म्हटलं, तर एकच उत्तर, "आज वाढदिवस हाय माझा." अन् परत यायचे ते दिवेलागणीला, घामाघूम!

"वाढदिवस म्हणे!" देविदास बायकोला म्हणाला. "आधार कार्डावर एक जून हाय. मग हा दुसरा कुठून आला? अन् तारीख बी दर साली बदलून राहिली!"

निता भाकरी थापत होती. "तांड्याशेजारच्या पुसेगावात बाया कुजबुजतात. जवळ्याला कोण्या बाईच्या दारात सायकल असते म्हणे."

झालं! आगीत तेल पडलं. आई जाऊन तीन वर्षं झाली नाहीत, अन् बापूंना हे सुचतं? तांड्यात तोंड दाखवायला जागा राहील का?

यंदा बापू निघाल्यावर दोन तासांनी देविदासही मोटारसायकलवरून मागे गेला. जवळ्यात फार शोधावं लागलं नाही. बाजारामागच्या गल्लीत, हिरव्या दाराच्या घरापुढं तीच सायकल! आतून बाईमाणसाचं हसणं आलं. देविदासचं डोकंच फिरलं. त्यानं आधी दोन्ही चाकांची हवा सोडली, मग धाडकन दार ढकललं.

"बापू! काय चाललंय हे?"

अंगणात बाजेवर पंचाहत्तरीची एक म्हातारी बसली होती. बापू तिच्या पायाशी बसून शेवया खात होते, अगदी लेकरासारखे.

"हाच का देविदास? ये बेटा, मी कमरजहाँ," म्हातारी म्हणाली. "तुझी आजी बाजाराला आली अन् इथंच कळा सुरू झाल्या. माझी अम्मी सुईण. मी धा वर्सांची, पाणी तापवून देत होते. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला, ह्याच अंगणात तुझा बाप जन्मला. एक जून तर शाळेत नाव घालताना मास्तरानं लिहिला!"

देविदासची मान खाली गेली. "बापू, सांगितलं काहून न्हाई?"

"वाढदिवस म्हटल्यावर पुढं इचारलं कधी तू?" बापू म्हणाले. "मी पन्नाशीत असताना माय गेली. माझ्या जन्माचं सांगणारी आता ही आपाच, ही थोरली बहीणच उरली. पायात दम हाय तवर सायकलवरच येणार."

आपा थेट देविदासकडं बघत म्हणाली, "म्हातारं माणूस घरात बसलं तर तुमाला अडचण, बाहेर पडलं तर शक! मग बेटा, त्यानं जावं कुठं?"

बापू बाहेर आले, चपटी चाकं पाहून थबकले.

"मीच सोडली हवा," देविदास पुटपुटला. बापूंनी नुसता चपट्या चाकावरून हात फिरवला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं! त्यानं सायकल ढकलत पंक्चरच्या दुकानात नेली, स्वतःच्या हातानं पंप मारला आणि हँडल बापूंच्या हाती दिलं.

"मोटारसायकलवर बसता का, बापू?"

"छट्! वाढदिवस आत्ता कुठं अर्धा झाला!"

बापू सायकलवर पुढं, देविदास मोटारसायकलवर मागं हळूहळू. पुसेगावच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी डोळा मारत विचारलं, "काय देविदास, सापडलं का काही?"

"व्हय!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "बापूंचा वाढदिवस सापडला! पुढच्या साली मी बी सायकलवर जाणार!"

मंडळी, आपल्या घरातलं म्हातारं माणूसही कधी असं एकटंच निघत असेल. त्याच्यावर पाळत ठेवू नका. "मी येऊ का सोबत?" एवढं विचारा, आणि खरंच सोबत जा.