अकरा काड्यांची भेग

संग्रहालयाला शंभर वर्षं होणार म्हणून वरच्या मजल्यांवर नुसती धांदल उडाली होती. रंगारी, सुतार, पडदेवाले, सगळे एकमेकांच्या पायांत. आणि खाली तळघरात दप्तरबाई धुळीत शिंकत बसल्या होत्या. दप्तरबाई म्हणजे संग्रहालयाच्या जुन्या कागदांच्या मालकीणबाई. बावीस वर्षं त्यांनी ते सांभाळले होते. पण आता जे काम पुढ्यात आलं होतं, ते अगदी जिवावर आलं होतं.

मोठ्या दालनातली होडी उलत होती. एकाच खोडातून कोरलेली, सोळा माणसं बसतील एवढी ती होडी म्हणजे संग्रहालयाचा जीव की प्राण. गेल्या वर्षी दालनात हवा गार करणारी यंत्रं बसवली आणि तिच्या अंगावरची जुनी भेग पुन्हा तोंड उघडायला लागली.

वस्तूंची डागडुजी करणारी एक तरुणी होती, तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. ती दोन फोटो घेऊन तळघरात आली.

"बाई, हा पन्नास वर्षांपूर्वीचा. भेगेत अंगठा जाईल. आणि हा पंचवीस वर्षांपूर्वीचा. निम्मी झालीय. लाकूड काही आपलं आपण मिटत नाही. कुणीतरी काहीतरी केलंय. काय केलं ते शोधून द्या मला."

"संग्रहालयाच्या इतिहासाच्या नव्या पुस्तकात छापलंय की," बाई म्हणाल्या. "तेव्हाच्या संचालकांच्या शास्त्रीय दूरदृष्टीमुळे होडी वाचली."

"ती दूरदृष्टी लावायची कशी असते? ब्रशने?"

बाईंना हसू आलं. पण त्या संचालकांची सही त्यांना पाठ होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्याच सहीचा मेमो बाईंच्या बाबांना मिळाला होता. बाबा मोठ्या दालनाचे राखणदार. एकदा बडे पाहुणे आले, होडीशेजारच्या बादलीला त्यांचा पाय लागला, पाणी सांडलं आणि पाहुणे सपशेल आडवे झाले. 'घोर निष्काळजीपणा' असं मेमोत लिहिलं होतं, आणि दालनात पुन्हा पाणी ठेवायचं नाही असा हुकूमही. बाबांना दालनातून उचललं आणि फाटकाजवळ, पिशव्या ठेवायच्या खिडकीत बसवलं. एकोणीस वर्षं तिथे बसून त्यांनी लोकांच्या पिशव्या घेतल्या आणि बिल्ले दिले.

शाळेतली पोरं बाईंना 'बादलीवाल्याची' म्हणत. बाबांनी मात्र त्या दिवसाबद्दल कधी ब्र काढला नाही. निवृत्त झाल्यावर पंचवीस वर्षांत त्यांनी संग्रहालयाची पायरी चढली नव्हती, आणि बाईंनीही आपण कुणाची मुलगी हे इथे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, खोटं कशाला बोला.

चार दिवस बाईंनी संचालकांच्या फायली उपसल्या. सत्कार सापडले, चहापानाची आमंत्रणं सापडली, दूरदृष्टी काही सापडेना. मधल्या वाटेत रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यांचा ढीग आडवा येत होता. 'स्वच्छता भांडार' असं त्यांवर लिहिलं होतं. झाडू, फडकी, फिनेल. त्यात कसला आलाय इतिहास, असं म्हणून महिन्यापूर्वी बाईंनीच न उघडता त्या यादीवर सही ठोकली होती. शुक्रवारी रद्दीची गाडी यायची होती.

गुरुवारी दुपारी त्यांनी वाटेतला एक गठ्ठा बाजूला ओढला, तर तो हलेना. फिनेलच्या पावत्या इतक्या जड? त्यांनी दोरी सोडली. आत वह्याच वह्या. पहिल्या वहीवर 'बादल्या' असा शब्द होता. भांडाराच्या कारकुनाने तेवढाच वाचला असणार आणि वह्या झाडूंच्या हिशेबात बांधून टाकल्या असणार. बाईंनी पहिलं पान उघडलं आणि त्या गठ्ठ्यावरच बसल्या. अक्षर बाबांचं होतं.

'सोमवार. भेगेत काडेपेटीच्या अकरा काड्या शेजारी शेजारी मावल्या. हवा कोरडी आहे. दोन बादल्या भरून होडीजवळ ठेवल्या. संध्याकाळपर्यंत बोटभर पाणी आटलं.'

पुढचा सोमवार, अकरा. त्याच्या पुढचा, अकरा. वर्षभराने दहा. मग नऊ. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने लाकडाला ओलसर हवा लागते, हे नुसतं बघून बघून ओळखलं होतं. मग तो दिवस आला. 'आज पाणी सांडलं. बादली वाटेत ठेवली होती. चूक माझी. आठ काड्या.'

पुढे कोरी पानं असणार, असं समजून बाईंनी पान उलटलं. पान भरलेलं होतं.

'आजपासून पिशव्यांची खिडकी. दार उघडायच्या आधी आत जाऊन होडीखालच्या पडद्यामागे दोन पसरट पराती भरून ठेवल्या. कुणाला दिसत नाहीत, कुणी अडखळत नाही. आठ.'

आणि तिथून पुढे दर सोमवार. एकोणीस वर्षं. शेवटच्या वहीतली शेवटची ओळ होती, 'उद्या निवृत्त. पाच. पराती भरायचं झाडणाऱ्या मावशींना सांगितलं आहे.'

दप्तरबाई आधी रडल्या, मग स्वतःला चांगल्या चार शिव्या घातल्या, आणि मग वह्या छातीशी धरून जिना चढल्या.

डॉक्टरिणीने वह्या वाचल्या आणि ती तडक आताच्या झाडणाऱ्या मावशींकडे धावली. "त्या पराती होय?" मावशी म्हणाल्या. "भरायचो की आम्ही. माझ्या आधीचीने मला सांगितलं होतं. आम्हाला वाटलं, नियमच आहे. यंत्रं बसवताना लोकांनी भंगारात दिल्या."

आता प्रश्न होता हल्लीच्या संचालक साहेबांचा. साहेब माणूस वाईट नव्हते, पण सावध. "बाई, शोध मोठा आहे, मान्य. पण एका माणसाने एकोणीस वर्षं लेखी हुकूम मोडला, हे आपण भिंतीवर लावायचं? पुस्तकही छापून तयार आहे."

बावीस वर्षांत बाईंनी साहेबांसमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही, पण शब्द चांगले ठणकावून म्हणाल्या, "साहेब, हुकूम पाळला असता तर आज दाखवायला होडी नसती. पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा. आणि हा माणूस माझा बाप आहे."

साहेब बराच वेळ वह्या चाळत राहिले. मग म्हणाले, "कधी येतील ते? नको, मीच जातो त्यांना आणायला."

बाबा आले. त्र्याऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा सदरा, हातात काठी. मोठ्या दालनात सगळे जमले होते. साहेबांनी पत्र वाचलं, मेमो मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि जुना मेमो फाडायला दोन्ही हातांत धरला. बाबांनी काठी पुढे केली.

"फाडू नका, साहेब. पाणी सांडलं होतं, पाहुणे पडले होते. खरंच आहे ते. वह्यांबरोबर ठेवा."

बाईंना राहवेना. "बाबा, या वह्या मीच रद्दीत काढल्या होत्या. न बघता. यादीवर माझी सही आहे."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "मग ती यादीपण ठेव. कागद काय आपल्या सोयीचे तेवढेच ठेवायचे असतात?"

एवढं बोलून ते सगळ्यांना विसरले आणि होडीपाशी गेले. डॉक्टरिणीने नव्या पराती मांडल्या होत्या आणि काडेपेटी तयार ठेवली होती. ते वाकले, एकेक काडी भेगेत सरकवत गेले.

"सात," ते म्हणाले. "परात मागच्या टोकाला कशाला ठेवलीत? पुढे घ्या. भेग पुढे, तहान पुढे." परदेशात शिकून आलेली डॉक्टरीण गुडघ्यांवर बसून मुकाट्याने परात पुढे सरकवू लागली.

"लिही," बाबा लेकीला म्हणाले.

बाईंनी शेवटची वही उघडली. त्या 'पाच'च्या खाली, पंचवीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत, त्यांनी लिहिलं, 'सात काड्या. परात पुढच्या टोकाकडे घेतली.' बाबांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली.

"तारीख कुठाय?"

तारीख नाही म्हणून भल्याभल्या अधिकाऱ्यांचे कागद परत पाठवणाऱ्या दप्तरबाईंनी सगळ्यांदेखत मान खाली घातली आणि तारीख लिहिली. अभिमानाने ऊर इतका भरून आला होता की आकडे वेडेवाकडे आले. बाबांनी ते चालवून घेतले आणि खाली सहीसाठी पेन मागितलं.