डावीकडे वळताना

मित्रांनो, पनवेलच्या मासळी बाजाराबाहेर सकाळी एक काळी मोटारसायकल उभी दिसेल. टाकीचा रंग उडालेला, मागे बर्फाच्या पेटीसाठी लोखंडी चौकट. ती मी.

कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला, मग अंगभर रंगीत तारा ओवल्या गेल्या. लाल, हिरव्या, काळ्या. त्या तारा एका जुडीत बांधून माझ्या मानेतून पुढे दिव्याकडे आणि चावीकडे नेल्या होत्या. त्या वेळी मला माझे चकचकीत चाक तेवढे महत्त्वाचे वाटले. तारांकडे कोण बघतो!

मला काशिरामने घेतले. खाडीकाठच्या गावात तो मासे धरतो आणि त्याची बायको जनी ते पनवेलला विकते. मी येण्याआधी जनी डोक्यावर पाटी घेऊन फाट्यापर्यंत चालत जाई आणि मिळेल त्या टेम्पोत बसे. मी आले आणि तिची मान मोकळी झाली. पहाटे काशिराम पुढे, जनी मागे, तिच्या मागे कोळंबी नाहीतर जिताड्याची पेटी. गावात लोक म्हणत, "काशिरामची गाडी कधी थांबत नाय." हे ऐकून माझे इंजिन जरा जास्तच खुशीत धडधडे.

पुढे बरीच वर्षे गेली. खारा वारा आणि पेटीतून ठिबकणारे पाणी माझ्या अंगात मुरत गेले. आणि मग मला ते विचित्र दुखणे लागले.

चालता चालता मी एकदम बंद पडू लागले. इंजिन गप्प, दिवा गुल, हॉर्न मुका. काशिराम मला ढकलत कडेला नेई, चावी फिरवी, आणि मी लगेच चालू! कधी आठवडाभर काहीच होत नसे, तर कधी एकाच सकाळी दोनदा. मला आत कुठेतरी कळ लागे, पण कुठे, ते मलाही सांगता येत नव्हते.

काशिरामने मला सुकापूरला झकेरियाच्या गॅरेजमध्ये नेले. झकेरिया हा त्याचा जुना दोस्त. त्याने बॅटरी बदलली, प्लग बदलला, चावीचे घर साफ केले. मला मधल्या स्टँडवर उभे करून बराच वेळ चालू ठेवले. मी मुळीच बंद पडले नाही. सरळ रस्त्यावर लांब फिरवून आणले, तरी नाही.

"काशिरामभाय, माझ्यासमोर तर राणीसारखी चालते," झकेरिया डोके खाजवत म्हणाला. "जे दिसतच नाही, त्याला मी धरू कसा?"

मला ओरडून सांगावेसे वाटले, की मी खोटे बोलत नाही. पण माझा हॉर्नही माझ्या हातात नाही.

नंतर ती सकाळ आली. फाट्यावर आम्ही पनवेलच्या रस्त्याला डावीकडे वळत होतो. मागून बंदराकडचा मोठा कंटेनर येत होता. ऐन वळणावर मी मेले. मागचा तांबडा दिवाही विझला. काशिरामने दोन्ही पाय टेकले, पण तोल गेला आणि आम्ही तिघेही रस्त्यावर पडलो. ब्रेक किंचाळले. कंटेनर जनीच्या अगदी जवळ येऊन थांबला. तिचे कोपर सोलवटले होते. सगळी कोळंबी डांबरावर पसरली होती.

काशिराम तिला उठवत होता. "लागलं का गं? लागलं का?" एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

संध्याकाळी त्यांचा मुलगा प्रणित कामावरून थेट अंगणात आला. आईचे बांधलेले कोपर पाहून तो माझ्याकडे वळला.

"बाबा, हिला उद्याच भंगारात टाका. आज हिच्यापायी आई गेली असती."

काशिरामने होकारार्थी मान हलवली. मित्रांनो, तेव्हा मला माझ्यापेक्षा त्या माणसाचे वाईट वाटले.

"थांब जरा," जनी म्हणाली. "ही रोज मरत नाय. डावीकडं वळली कीच मरते."

"तुला कसं ठाव?" काशिरामने विचारले.

"तुमचं ध्यान रस्त्यावर. मी मागं बसून काय करनार? बघते. उजवीकडं कवाच नाय. सरळ जाताना नाय. हँडल पार डावीकडं गेलं, की दिवा जातो."

दुसऱ्या दिवशी माझ्यावर कोणी बसले नाही. मला टेम्पोत घालून सुकापूरला नेले. जनीने झकेरियाला तेच सांगितले.

झकेरिया ऐकतच राहिला. "भाभी, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी मला इचारलंत कुठं?"

झकेरिया मोठ्याने हसला. मग त्याने मला चालू केले आणि हँडल सावकाश उजवीकडे फिरवले. मी चालू. डावीकडे फिरवले. मी चालूच! प्रणितने तोंड वाकडे केले. पण झकेरिया थांबला नाही. हँडल डावीकडेच ठेवून त्याने माझ्या मानेजवळची तारांची जुडी बोटांनी हळूच दाबली, वाकवली.

मी बंद पडले.

"सापडलं!" तो ओरडला. बंद पडल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्याने वरची काळी पट्टी कापली. चावीपासून येणारी एक तार बाहेरून धड होती, पण आत तिचे तांबे हिरवे पडून तुटले होते. तुटकी टोके एरवी एकमेकांना टेकून राहत आणि वळणावर ताण आला की सुटत. झकेरियाने कुजलेला भाग काढला, नवी तार डाग देऊन जोडली, वर नळी चढवली आणि वळताना ताण येऊ नये म्हणून जुडी थोडी सैल बांधली. मग त्याने हँडल कितीतरी वेळा पार डावीकडे फिरवले, जुडी ओढून पाहिली. दिवा एकदाही लुकलुकला नाही.

"अल्लाचा शुक्र," तो म्हणाला. काशिराम तिथल्या बाकड्यावर मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले. प्रणित माझ्या टाकीवर हात ठेवून आईला म्हणाला, "चल, आज तुला मीच घरी नेतो. सगळी डावी वळणं घेत." जनी खळखळून हसली.

मी सगळी वळणे घेतली. आता रोजच घेते.

मित्रांनो, तुमच्या घरातले यंत्र कधी चालते, कधी रुसते, तेव्हा त्याला लगेच टाकून देऊ नका आणि आज चालले म्हणून निर्धास्तही राहू नका. ते नेमके काय करताना थांबते, ते नीट पाहा. माणसांचेही तसेच करा. ज्याचे दुखणे येते आणि जाते, त्याला खोटे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "कधी होतं रे तुला असं?"